आरोग्य व व्यायाम : अंग ताणावें, परंतु केव्हां?

हिवाळ्याचे दिवस आले कीं शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांची धांदल सुरू होते. एरवीं उन्हें येईपर्यंत पांघरुणांत लोळणारीं मुलें पहांटे उठून मैदानावर जाऊं लागतात, आणि ज्या घरांत चारपांच चुलतभावंडें एकत्र नांदतात तेथें तर अंगणांतच लहानसा आखाडा भरतो. कोणी पायांचे अंगठे धरून वांकलेला असतो, कोणी भिंतीस हात टेकून पोटऱ्या ताणीत असतो, तर कोणी कठड्यावर पाय ठेवून हिसके देत असतो. वडील माणसें हें सर्व कौतुकानें पाहतात आणि पूर्वतयारी यथासांग चालली आहे असें समाधान मानतात. हल्लींचीं मुलें ज्याला 'स्ट्रेचिंग' म्हणतात तें अंग ताणणें खेळाडूस सर्वथैव हितकर आहे, तें जितकें अधिक तितकें बरें, आणि खेळापूर्वीं तें केलें म्हणजे दुखापतीचें भय उरत नाहीं, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. या समजुतींत सत्यांश किती आणि केवळ वहिवाट किती, याचा विचार या महिन्यांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

हा विचार अगत्याचा आहे तो केवळ बक्षिसांकरितां नव्हे. मांडीच्या मागचा स्नायु एकदां फाटला म्हणजे तो पुन्हां फाटण्याचा संभव वाढतो, आणि गुडघ्याच्या आंतील बंध तुटला तर एखाद्या हुशार खेळाडू मुलीचें मैदान कायमचेंच सुटण्याचा प्रसंग येतो. अशा दुखापती टाळण्याचे कांहीं उपाय आज सिद्ध झालेले आहेत. परंतु दहा मिनिटें अंग ताणलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें मानणाऱ्या घरांत त्या उपायांकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. चुकीच्या समाधानानें होणारी हानि ती हीच.

अंग ताणणें हा एक शब्द असला तरी त्याच्या पोटांत निदान चार भिन्न क्रिया मोडतात. पहिली स्थिर ताणाची. हींत स्नायु सावकाश ताणावयाचा, किंचित् ओढ जाणवूं लागली म्हणजे थांबावयाचें, आणि त्याच स्थितींत पंधरा सेकंदांपासून एक मिनिटापर्यंत राहावयाचें. दुसरी हिसक्यांची. हींत टोकाशीं पोंचल्यावर तेथें झोके देत अंग अधिकाधिक पुढें रेटावयाचें. तिसरी चल ताणाची. पाय पुढेंमागें झुलविणें, गुडघे छातीकडे उचलीत चालणें, लांब पाऊल टाकून खालीं जाणें, हात वर्तुळाकार फिरविणें, या क्रियांत कोठेंही थांबावयाचें नसतें. सांधा आपल्या संपूर्ण टप्प्यांतून स्वतःच्याच बळानें फिरतो. चौथी आकुंचन व शिथिलन यांची. ताणलेला स्नायु सोबत्याच्या हाताविरुद्ध कांहीं सेकंद आवळावयाचा, मग सैल सोडावयाचा आणि आणखी थोडा ताणावयाचा. या चौथ्या पद्धतीचें मूळ १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत डॉक्टर हर्मन कॅबट व मार्गारेट नॉट यांनीं लुळेपणा आलेल्या रुग्णांवर केलेल्या उपचारांत आहे. रुग्णालयांतून ती मैदानावर आली ती मागाहून.

या चारही क्रियांचा परिणाम सारखा कां होत नाहीं हें समजण्यास स्नायूच्या रचनेकडे थोडें पाहिलें पाहिजे. स्नायु म्हणजे कांहीं रबराची पट्टी नव्हे. त्याच्या तंतूंमध्यें चरख्याच्या चातीच्या आकाराचीं सूक्ष्म संवेदनेंद्रियें असतात. स्नायु एकदम ताणला गेला कीं तीं पाठीच्या कण्यांतील मज्जेस वर्दी देतात, आणि मेंदूचा हुकूम येण्याची वाट न पाहतां तो स्नायु आपोआप आखडतो. डॉक्टर गुडघ्याखालीं लहानशी हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो याच कारणानें. लिडेल व शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९२४ सालीं या प्रतिक्षिप्त क्रियेचें विवेचन केलें, आणि मज्जासंस्थेवरील एकंदर कार्याबद्दल शेरिंग्टन यांस १९३२ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. यावरून हिसक्यांच्या पद्धतींतील दोष ध्यानांत येईल. आपण स्नायूस लांब होण्यास सांगतों आणि त्याच क्षणीं आखडण्यासही भाग पाडतों! हर्बर्ट डी व्रीज यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या तुलनेंत हिसक्यांनीं आणि स्थिर ताणानें लवचिकपणा सारखाच वाढलेला आढळला. मग फळ तेंच असतां अधिक धोक्याचा मार्ग कां पत्करावा?

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कांहीं आठवडे नेमानें अंग ताणल्यावर पूर्वीं गुडघ्याशीं अडणारे हात पावलांस टेकूं लागतात, तेव्हां स्नायु लांब झाला असें आपणांस वाटतें. परंतु संशोधकांच्या मतें या वाढीचा बराच मोठा वाटा सहनशक्तीचा असतो. स्नायु बहुतांशीं पूर्वींसारखाच राहतो. मात्र ज्या ठिकाणीं मज्जातंतू पूर्वीं 'पुरे' म्हणत असत, त्यापुढेंही ते आतां तक्रार करीत नाहींत. हा लाभ खोटा नव्हे, पण तो सामर्थ्याचा लाभ नव्हे. वाढलेल्या टप्प्यांत अंग सांवरून धरण्याचें बळ निराळेंच कमवावें लागतें.

आतां क्षमतेकडे वळूं. खेळाडूची क्षमता म्हणजे केवळ लवचिकपणा नव्हे. बळ, वेग, उडी, दम, चपळाई आणि तोल हीं सर्व तिचीं अंगें. यांपैकीं बळावर ताणाचा तात्कालिक परिणाम काय होतो, हें पाहण्याचे प्रयोग विशेषतः गेल्या शतकाच्या अखेरीपासून पुष्कळ झाले. १९९८ सालीं कोकोनेन व त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या प्रयोगांत स्थिर ताणानंतर लगेच गुडघा वांकविण्याचें व सरळ करण्याचें बळ शेंकडा सात ते आठ इतकें घटलेलें आढळलें. २००० सालीं कॅनडांतील फाउल्स व सहकारी यांनीं पोटरीचा स्नायु सुमारें अर्धा तास ताणून पाहिला. त्याचें बळ लगेच शेंकडा २८ नीं उतरलें, आणि एक तासानंतरही शेंकडा ९ ची तूट भरून आली नव्हती. मज्जातंतूंकडून स्नायूस मिळणारी प्रेरणा मंदावणें आणि खुद्द स्नायूचीच आकुंचनशक्ति कमी होणें, अशीं दोन कारणें त्यांस दिसलीं.

अर्धा तास कोणी पोटरी ताणीत बसत नाहीं, हें खरें. म्हणून शेंकडों प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडणारें २०१६ सालचें बेम व सहकारी यांचें परीक्षण अधिक उपयोगाचें आहे. त्यांत असें आढळलें कीं, स्थिर ताणानंतर लगेच केलेल्या कामगिरींत सरासरी शेंकडा ३.७ घट होते, आकुंचन-शिथिलनाच्या पद्धतीनंतर शेंकडा ४.४ घट होते, आणि चल ताणानंतर उलट शेंकडा १.३ वाढ होते. स्थिर ताणांतही एका स्नायूस एक मिनिटाहून कमी वेळ दिला तर तूट शेंकडा १.१ इतकीच, पण एक मिनिट वा अधिक दिला तर ती ४.६ पर्यंत जाते. शेंकडा एक म्हणजे क्षुल्लक असें कोणी म्हणेल. परंतु पांच मीटर लांब उडी मारणाऱ्या मुलाच्या बाबतींत शेंकडा एक म्हणजे पांच सेंटिमीटर, आणि शालेय स्पर्धेंत पहिल्या व दुसऱ्या क्रमांकांमध्यें पुष्कळदां याहून अधिक अंतर नसतें.

तथापि या आंकड्यांनीं कोणी घाबरून जाण्याचें कारण नाहीं. यांतील बहुतेक मोजण्या ताणानंतर थोड्याच मिनिटांत घेतलेल्या होत्या. अल्पकाळ ताणून नंतर धांवणें, उड्या, वळणें अशी भरपूर चल तयारी केली तर ही तूट जवळजवळ नाहींशी होते, असें पुढील संशोधनांत दिसून आलें आहे. २०१८ सालच्या एका प्रयोगांत तर पूर्ण तयारी केल्यावर, मध्यें ताण दिलेला असो वा नसो, कामगिरींत फरक पडला नाहीं. मात्र ज्यांनीं अंग ताणलें होतें त्यांस आपण अधिक सिद्ध आहों असें वाटलें. मनाचा हा विश्वासही खेळांत मोलाचा असतो. म्हणून ज्या मुलास दहापंधरा सेकंद पाय ताणल्यावांचून चैन पडत नाहीं त्यास तें करूं द्यावें. परंतु त्यानंतर त्यानें थेट शर्यतीच्या रेघेवर जाऊन उभें राहूं नये.

दुखापतीचा प्रश्न याहूनही महत्त्वाचा. येथें ऑस्ट्रेलियाच्या सैन्यांतील एक मोठा प्रयोग मार्गदर्शक आहे. २००० सालीं पोप व सहकारी यांनीं तो प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांच्या शिक्षणासाठीं आलेल्या १५३८ तरुण रंगरूटांचे दोन गट पाडण्यांत आले. दोन्ही गट कवायतीपूर्वीं अंग गरम करीत. फरक इतकाच कीं, ७३५ जणांच्या गटानें दर वेळीं देखरेखीखालीं पायांच्या सहा प्रमुख स्नायुसमूहांस प्रत्येकीं वीस सेकंद स्थिर ताण द्यावा, आणि ८०३ जणांच्या गटानें देऊं नये. अखेरीस पायांच्या दुखापतींची मोजदाद झाली. ताण देणाऱ्यांत १५८, न देणाऱ्यांत १७५. दोन्ही गटांची संख्या लक्षांत घेतली तर प्रमाण जवळजवळ एकच! ज्या गोष्टीनें खरा फरक पडला ती निराळी होती. वीस मीटरांच्या फेऱ्या धांवण्याच्या कसोटींत ज्याचा दम अधिक, त्यास दुखापतीचें भय कमी. म्हणजे ऐन वेळच्या ताणानें नव्हे, तर आधींच्या महिन्यांत कमावलेल्या अंगानें रक्षण केलें.

पुढील संशोधनानें हाच निष्कर्ष दृढ केला आहे. २०१४ सालीं लॉरसेन व सहकारी यांनीं पंचवीस प्रयोगांतील २६,६१० व्यक्तींची माहिती एकत्र केली, तेव्हां ताणाचा दुखापतीवर लाभकारक परिणाम दिसला नाहीं. बळ वाढविणाऱ्या व्यायामानें मात्र दुखापती एकतृतीयांशाहून खालीं आल्या. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशीं अंग दुखतें, तें ताणानें थांबतें ही समजूतही टिकली नाहीं. २०११ सालच्या परीक्षणांत हा लाभ जवळजवळ शून्य ठरला.

बळ वाढविण्याचा एक व्यायाम तर इतका सोपा आहे कीं त्यास घरांतल्या सतरंजीखेरीज कांहीं लागत नाहीं. एकानें गुडघ्यांवर उभें राहावें, दुसऱ्यानें मागून त्याचे घोटे घट्ट दाबून धरावे, आणि पहिल्यानें कंबरेंत न वांकतां सर्व धड शक्य तितकें सावकाश पुढें झुकवीत न्यावें. तोल सुटला कीं हातांवर यावें. असें करतांना मांडीच्या मागचा स्नायु लांब होत असतांनाच भार सोसतो, आणि वेगानें धांवतांना तो फाटतो तोही अशाच प्रसंगीं. डेन्मार्कमध्यें ९४२ फुटबॉलपटूंवर याचा प्रयोग झाला व तो २०११ सालीं प्रसिद्ध झाला. हा व्यायाम करणाऱ्या गटांत मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती १५, आणि न करणाऱ्या, जवळजवळ तितक्याच मोठ्या गटांत ५२. ज्या घरांत भावंडें आहेत तेथें घोटे धरणाराची वाण पडण्याचें कारण नाहीं!

मुलींच्या बाबतींत नॉर्वेंतील २००८ सालचें उदाहरण आहे. तेरा ते सतरा वर्षांच्या १८९२ फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर तो प्रयोग झाला. त्यांतील ज्या मुलींनीं धांवणें, बळ, तोल आणि उडीनंतर गुडघा वांकवून व तो आंत न वळूं देतां जमिनीवर येण्याची शिस्त यांची सुमारें वीस मिनिटांची तयारी नेमानें केली, त्यांच्यांत एकंदर दुखापती आणि विशेषतः गंभीर दुखापती पुष्कळ कमी आढळल्या. त्या तयारींत अंगाची हालचाल पूर्ण होती, स्थिर बसून ताणणें नव्हतें.

आतां आमच्या इकडच्या परंपरेकडे पाहिलें तर तिच्यांत या विवेकास अनुकूल असें पुष्कळ आहे. तालमींतील मल्ल कुस्तीपूर्वीं भिंतीस टेकून ताणीत बसत नाहीं. तो जोर व बैठका काढतो. जोरांत खांदे, छाती, पाठ, कंबर आणि मांड्यांचा मागचा भाग, हीं सर्व अंगें क्रमानें ताणलीं जातात आणि त्याच वेळीं भारही उचलतात. सूर्यनमस्कारांतही हेंच तत्त्व आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्काराचा प्रसार केला, आणि त्यावरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं लंडनमध्येंही निघालें. पुढें वांकणें, एक पाय मागें नेणें, हातांवर अंग तोलणें, छाती उचलणें, या स्थिती एका श्वासाच्या अवधींत येतात आणि जातात. असे बारा नमस्कार वेगानें घातले तर तो चल ताण झाला. तेच प्रत्येक स्थितींत अर्धें मिनिट थांबून घातले तर तो स्थिर ताण झाला. नमस्कार एकच, पण फळ भिन्न. पहिला प्रकार मैदानावर जाण्यापूर्वींचा, दुसरा मैदानावरून आल्यानंतरचा.

योगासनांचें स्थान याहून वेगळें. पतंजलींनीं आसनाचें लक्षण सांगतांना स्थैर्य आणि सुख यांवर भर दिला आहे. तींत घाई नाहीं, हिसका नाहीं आणि स्पर्धाही नाहीं. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंद यांनीं आसनांची शास्त्रीय उपकरणांनीं परीक्षा आरंभिली, त्याच वर्षीं पश्चिमेकडे वर सांगितलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेचें विवेचन होत होतें, हा योगायोग मनोरंजक आहे. आसनें शांतपणें, स्वतंत्र वेळीं करावीं. शर्यतीच्या आधीं पांच मिनिटें उरकून घेण्याची ती वस्तु नव्हे.

खेळाखेळांतही तारतम्य पाहिजे. मल्लखांबपटू, कसरतपटू व नर्तकी यांस सांध्यांचा असामान्य टप्पा लागतो. त्यांस स्थिर ताणाचा दीर्घ अभ्यास अपरिहार्य आहे. लांब पल्ल्याच्या धांवपटूची गोष्ट उलटी. टांचेवरचा जाड बंध प्रत्येक पावलागणिक स्प्रिंगेसारखा दबतो व उसळतो, आणि स्प्रिंग फार सैल असून चालत नाहीं. १९९६ सालच्या एका पाहणींत ज्या धांवपटूंचे घोटे व खुबे कमी लवचिक, त्यांस त्याच वेगासाठीं कमी प्राणवायु लागत असल्याचें दिसलें. खोखोंत आठ गडी पाटींत बसलेले असतात आणि 'खो' मिळतांक्षणींच बसल्या जागेवरून वेगानें निघतात. त्यांस बसून उठण्याची, पाऊल झपाट्यानें वळविण्याची चल तयारी हवी. कबड्डींत चढाई करणारा पाय लांब टाकून गडी मारतो. त्यास टप्पाही हवा आणि त्या टप्प्यांत तोल सांवरण्याचें बळही हवें.

हें सर्व घरांत कसें आचरावें, तें थोडक्यांत सांगतों. खेळापूर्वीं पांच मिनिटें हळू धांवावें, अंग गरम झाल्यावर पाय झुलविणें, लांब पावलें टाकणें, हात फिरविणें अशा हालचाली लहान टप्प्यांतून मोठ्या टप्प्यांत न्याव्या, आणि शेवटीं त्या खेळांतील खऱ्या हालचाली वाढत्या वेगानें कराव्या. स्थिर ताण खेळानंतर किंवा संध्याकाळीं स्वतंत्र द्यावा. बँडी व आयरियन यांच्या १९९४ सालच्या प्रयोगांत तीस सेकंदांचा ताण साठ सेकंदांइतकाच गुणकारी ठरला, म्हणून तरुणांस अर्धें मिनिट पुरे. पासष्टीच्या पुढच्या मंडळींत मात्र २००१ सालच्या एका प्रयोगांत साठ सेकंदांचा लाभ अधिक दिसला. तेव्हां नातवानें अर्धें मिनिट ताणावें आणि आजोबांनीं एक मिनिट. दोघांनीं एकाच ओसरीवर बसून केलें तर अधिकच उत्तम. आठवड्यांतून दोनतीन दिवस जोर, बैठका आणि वर सांगितलेला घोटे धरण्याचा व्यायाम यांस नेमून द्यावे. जीं मुलें जात्याच फार लवचिक असतात, ज्यांचें कोपर किंवा गुडघे मागें वांकतात, त्यांस अधिक ताण नव्हे तर अधिक बळ पाहिजे.

आणि एक निक्षून सांगावयाचें तें असें. बसून पुढें वांकलेल्या मुलाच्या पाठीवर मोठ्यानें भार देऊन त्याचें डोकें गुडघ्यांस टेकविण्याचा प्रकार कित्येक ठिकाणीं शिस्त म्हणून चालतो. तो सर्वथा वर्ज्य करावा. वाढत्या वयांत स्नायु जेथें हाडास जडलेला असतो तेथील भाग अद्याप कोवळा असतो. जोराच्या ओढीनें तेथून हाडाचा तुकडा सुटल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. ताण किती द्यावयाचा हें ताणणाऱ्यानेंच ठरवावें, दुसऱ्यानें नव्हे. मूल कण्हूं लागलें तर तें आळशी आहे असें न समजतां थांबावें.

सारांश, अंग ताणणें ही वाईट गोष्ट नव्हे, परंतु ती सर्व रोगांवरची मात्राही नव्हे. खेळापूर्वीं हालचाल, खेळानंतर सावकाश ताण, आणि वर्षभर बळाची जोपासना, असा हा क्रम आहे. यांतील तिसरें कलम सर्वांत कंटाळवाणें आणि सर्वांत गुणकारी. स्पर्धेच्या दिवशीं सकाळीं मुलाच्या पाठीशीं उभें राहण्यापेक्षां, आषाढापासून त्याच्या रोजच्या जोरबैठकांची वास्तपुस्त करणें वडील माणसांच्या हातीं अधिक आहे. आमच्या वाचकांनीं तेवढें मनावर घेतलें तर येत्या हिवाळ्यांत कित्येक मुलें लंगडत घरीं येण्याऐवजीं धांवत येतील.